परराष्ट्र खातं, दुसरा मजला

नात्यात लग्न, मुंज, वास्तुशांत काहीही असलं की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "सध्या काय करतेस तू?" मी सांगते, "कॉलेजात आंतरराष्ट्रीय भागीदारीचं काम बघते." यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनच भाव उमटू शकतात. पहिला, ‘म्हणजे नोकरी नाही वाटतं.’ दुसरा जास्त धोक्याचा, ‘म्हणजे हिच्या ओळखी असणार.’ दुसऱ्या भावाची माणसं जिलबी संपेपर्यंतही थांबत नाहीत. आमच्या सांगलीच्या आत्यानं मठ्ठ्याचा पेला हातात असतानाच नातवाची टक्केवारी, उंची आणि रक्तगट सांगून टाकला. "जर्मनीला बघ त्याचं. फुकट असतं ना तिथं? आणि फार थंडी नसलेली जर्मनी बघ."

मी कुणाला कुठं पाठवत नाही. मलाही कुणी कुठं पाठवत नाही. माझं काम असं, की आमचं कॉलेज आणि जगातलं एखादं विद्यापीठ यांच्यात संबंध निर्माण करायचे, ते कागदावर आणायचे, कागदाचा फोटो काढायचा आणि मग काही वर्षं ते संबंध आहेत असं वागायचं. यातलं शेवटचं सगळ्यात कष्टाचं.

या धंद्यात कुणी ठरवून येत नाही. ‘मी कोण होणार’ या विषयावरच्या निबंधात डॉक्टर, पोलीस, अंतराळवीर सगळे येतात. ‘मी मोठेपणी आंतरराष्ट्रीय संबंध कक्षाची समन्वयक होणार’ असं लिहिलेली वही अजून कुठल्याही बाईंनी तपासलेली नसावी. मी सुखानं भूगोल शिकवत होते. २०२० साली नवं शैक्षणिक धोरण आलं. पाठोपाठ २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यात आंतरराष्ट्रीय व्यवहारांसाठी स्वतंत्र कार्यालय हवं असं सांगितलं. परिपत्रक आलं त्या दिवशी प्राचार्यांनी स्टाफरूमवरून एक नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "तुमचा भूगोल ना? मग देश तुमच्याकडेच." परराष्ट्र खातं इतक्या झटपट दिल्लीतही कुणाला मिळालं नसेल. पगार तोच, तास तेवढेच, वर हे.

खात्याला जागा मिळाली दुसऱ्या मजल्यावर, जिमखान्याचं सामान ठेवायच्या खोलीत. सामान हललं. एक भाला मात्र कुठल्याच डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेला नव्हता, त्यामुळे तो हलवायला कुणाचीच सही मिळेना. तो कोपऱ्यात उभा राहिला. पहिल्या परदेशी पाहुण्यांनी आत येताच विचारलं, "हा ऐतिहासिक आहे का?" प्राचार्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "मराठा पीरियड." भाल्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ‘जिमखाना नग ३’ लिहिलेलं होतं, पण देवनागरीत. पाहुण्यांनी त्या अक्षरांचाही जवळून फोटो काढला.

करार कशासाठी करायचे? विद्यार्थ्यांसाठी, हे उत्तर बरोबरच आहे. पण ते दुसरं. पहिलं उत्तर नॅक. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, स्थापना १९९४, मुक्काम बंगळुरू. तिच्या अर्जात करारांची संख्या भरायला एक जागा आहे आणि त्या जागेवर एक विशेषण पहारा देत उभं आहे: ‘कार्यरत’. नुसता करार चालत नाही, तो चालू असावा लागतो. माझी नोकरी या एका विशेषणावर उभी आहे. ते काढलं तर सह्या करून फाइल बंद करता येईल आणि मी परत खडक आणि खनिजांकडे जाईन.

करारनाम्याचा मसुदा जगभर जवळपास सारखाच असतो. सुरुवातीला दोन्ही संस्थांना एकमेकींबद्दल आदर वाटतो. मग प्राध्यापकांची देवाणघेवाण, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, संयुक्त संशोधन आणि ‘परस्परसंमतीनं ठरेल ते अन्य’. शेवटी एक कलम येतं, की या करारामुळे कुणावरही कसलंही कायदेशीर वा आर्थिक बंधन येत नाही. म्हणजे चार पानं आपण काय काय करणार ते सांगायचं, पाचव्या पानावर यातलं काहीच केलं नाही तरी चालेल असं सांगायचं, आणि त्याखाली सही. मला हे कलम मनापासून आवडतं. शिक्षणक्षेत्रात इतकं प्रामाणिक वाक्य सहसा लेखी मिळत नाही.

गंमत अशी, की कुणावरच बंधन नसलेला हा कागद तपासायला वकिलांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाशी आमचा करार व्हायचा होता. आमचे वकीलसाहेब सदाशिव पेठेतले. त्यांनी मसुद्यात एकच ओळ घातली: ‘वाद उद्भवल्यास पुणे न्यायालयाच्या कक्षेत.’ तिकडून मेल आला, ‘कृपया खुलासा करावा.’ काय खुलासा करणार? लक्ष्मी रोडवर दोन रुमाल घेतले तरी पावतीच्या तळाशी ही ओळ असते. ती नसली तर आम्हाला दुकानाचाच संशय येतो. डच वकिलांनी ती खोडून आपल्या गावचं न्यायालय घातलं. आमच्यांनी ते खोडलं. कागद बराच काळ असा जात-येत राहिला आणि अखेर ‘मतभेद मैत्रीपूर्ण चर्चेनं मिटवले जातील’ यावर तडजोड झाली. वकीलसाहेबांना ते लागलं. "मॅडम, पुण्यात मैत्रीपूर्ण चर्चेनं आजवर काय मिटलंय?"

सह्यांचा समारंभ हा मात्र या नोकरीतला सोन्याचा दिवस. मखमली फाइल, दोन पेनं, टेबलावर दोन छोटे झेंडे. इंडोनेशियाचे पाहुणे आले तेव्हा झेंडा रंगीत कागदाचा करून काडीला चिकटवला होता: वर पांढरा, खाली तांबडा. तो पोलंडचा झाला. इंडोनेशियाचा तांबडा वर असतो. पाहुण्यांनी एक शब्द न बोलता काडी कुंडीतून उपसली, उलटी केली आणि परत खोचली. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच. मग तुतारी, शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी. पगडीत पाहुण्याचं डोकं बसेपर्यंत फोटोग्राफर थांबतो, आणि न बसल्यास प्राचार्य ती मागून धरतात; आमच्या वार्षिक अहवालातल्या प्रत्येक परदेशी तज्ज्ञाच्या मानेमागे एक हात दिसतो तो त्यामुळे. ऑस्ट्रेलियाच्या पाहुण्याबाई श्रीफळानं फार अस्वस्थ झाल्या. त्यांच्या देशात बाहेरून फळ, बी, लाकूड काहीही आणलं तर विमानतळावर जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड. त्यांचं संपूर्ण भाषण एक डोळा नारळावर ठेवून झालं. निघताना तो त्यांनी हळूच माझ्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या मसालेभातावर खोबरं जरा जास्तच होतं. मी चौकशी केली नाही.

विद्यार्थ्यांची खरीखुरी अदलाबदल वेगळ्या नियमावर चालते, आणि तो आपल्याला नवा नाही. शेजारणीकडून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. आमची दोन मुलं एक सत्र तुमच्याकडे शिकतील, तुमची दोन आमच्याकडे. प्रत्येकानं फी आपापल्या घरी भरायची आणि दोन-चार वर्षांत हिशेब जुळवायचा. आमची अडचण अशी, की इकडून जायला वर्गच्या वर्ग तयार आणि तिकडून यायला कुणी नाही. तिकडची मुलं आलीच तर दोन आठवड्यांसाठी येतात, जानेवारीत येतात आणि त्यांना लोणावळ्याजवळ योग हवा असतो. त्यामुळे आमच्याकडे लोकांचे डबे साठत जातात. आणि जायला तयार असलेल्यांनाही जाता येतंच असं नाही. आत्याच्या फुकटच्या जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खास खात्यात अडकवून दाखवावे लागतात. एवढा आकडा आत्याला सांगितल्यावर तिनं मठ्ठा परत मागवला.

डब्यावरून आठवलं. पुण्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांचा इतिहासही एका खाऊपासूनच सुरू होतो. फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी खिडकीतून एका मुलाला रोज काहीतरी देते, हे त्यांच्या नजरेला आलं. रेक्टरच्या मनात जे यायचं तेच आलं. चौकशी केली तर मुलगा मॉरिशसचा, काविळीनं अंथरुणाला खिळलेला, आणि ती त्याच्यासाठी खायला आणत होती. परदेशी मुलांचं इथं कुणी नाही, या जाणिवेतून मुजुमदारांनी १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ सुरू केली. म्हणजे पुण्यातला सर्वांत यशस्वी आंतरराष्ट्रीय संबंध कक्ष एका खिडकीत, बिनकराराचा, बिनफोटोचा चालला होता. आज ती खिडकी नॅकला दाखवायची म्हटली तर पुरावा काय लावणार?

नियम मध्यंतरी पुष्कळ मोकळे झाले. २०२२ च्या नियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्था मिळून संयुक्त पदवी, दुहेरी पदवी देऊ शकतात. अट एवढीच, की परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी आणि आपली राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात तरी हवी किंवा तिला नॅकचे किमान ३.०१ गुण तरी हवेत. आमचे गुण विचारू नका. शिवाय आता ती विद्यापीठंच इकडं निघालीत. जून २०२५ मध्ये नवी मुंबईच्या शिक्षणनगरीसाठी पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली: स्कॉटलंडचं ॲबरडीन, इंग्लंडचं यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, अमेरिकेचं इलिनॉय तंत्रसंस्थान आणि इटलीची डिझाइनची एक संस्था. बातमी वाचून आमच्या शेजारच्या काकूंनी समाधानानं पेपर मिटला. "बरं झालं बाई. आता पनवेलची लोकल पकडली की परदेश. व्हिसा नको, दाराशी रडारड नको."

परदेश घरी बोलावण्याची कल्पना मात्र काकूंच्या आधीची आहे. स्वीडनमध्ये माल्मो इथं १९९८ साली नवं विद्यापीठ सुरू झालं. नवं असल्यामुळे त्याला जगात कुणी ओळखत नव्हतं. मुलांना पाठवायला भागीदारच नव्हते. तिथले आंतरराष्ट्रीय विभागाचे प्रमुख बेंग्ट निल्सन यांनी बाहेर पाहिलं. शहर देशोदेशींच्या स्थलांतरितांनी भरलेलं. मग बाहेर कशाला जायचं? १९९९ मध्ये त्यांनी ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’ ही कल्पना मांडली आणि आमच्या धंद्यातल्या, बाहेर जायला पैसे नसलेल्या तमाम लोकांना तत्त्वज्ञान मिळालं. तिकडं न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या पर्चेस कॉलेजात जॉन रुबिन हे चित्रपटाचे प्राध्यापक वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन एकत्र बसवून व्हिडिओ करायला लावत होते. २००६ मध्ये त्याचं रीतसर केंद्र झालं आणि त्या पद्धतीला ‘कॉइल’ म्हणू लागले. दोन देशांतले दोन मास्तर एक अभ्यासक्रम अर्धा-अर्धा वाटून घेतात, मुलांचे मिश्र गट पाडतात आणि काही आठवडे त्यांना एकत्र काम देतात. आमच्याकडे ही पद्धत २०२० पर्यंत फॅड होती. त्या वर्षी मार्चमध्ये विमानं जमिनीवर बसली आणि जगातली सगळी विद्यापीठं एकदम रुबिनसाहेबांची शिष्य झाली.

मग आम्हीही त्या डच विद्यापीठाबरोबर आणि मेक्सिको सिटीतल्या एका विद्यापीठाबरोबर कॉइल करायचं ठरवलं. आमच्या लेखाधिकाऱ्यांना या योजनेबद्दल जे प्रेम वाटलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर आधी कधी पाहिलं नव्हतं. "तिकीट नाही?" नाही. "हॉटेल?" नाही. "जेवण?" ज्याचं त्यानं. "शाल?" तिथं मी जरा थांबले. पण पुराव्याचा प्रश्न आलाच. हल्ली कुठल्याही कार्यक्रमाचा जिओटॅग केलेला फोटो लागतो, म्हणजे फोटोवरच अक्षांश-रेखांश उमटलेले. पडद्यावर मेक्सिको सिटी आणि नेदरलँड्समधली मिळून चाळीस मुलं. आमच्या शिपाईमामांनी मोबाइलवर फोटो काढला. त्यावर छापून आलं: कॉलेजचा दुसरा मजला, पुणे, अक्षांश अठरा पूर्णांक काहीतरी. मेक्सिकोची सगळी मुलं कागदोपत्री आमच्या जिमखान्याच्या खोलीत होती. कोपऱ्यात भाला.

आता वेळ. ही गोष्ट फक्त या धंद्यातल्या माणसालाच कळेल. भारताची वेळ बहुतेक जगापेक्षा अर्ध्या तासानं हटकून वेगळी पडते आणि हा अर्धा तास परदेशी माणसाच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. ‘साडे कशाला?’ असं एका प्राध्यापकांनी मला फार कळकळीनं विचारलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही, की मुंबईनं १९५५ पर्यंत स्वतःची वेळ आणखी एकोणचाळीस मिनिटं मागं ठेवली होती. सोसलं नसतं त्यांना. मोठ्या गणितानं आम्ही मुहूर्त काढला: आमचे संध्याकाळचे साडेसात, डचांचे दुपारचे तीन, मेक्सिकोचे सकाळचे आठ. सगळं सुरळीत चाललं असताना मार्चचा शेवटचा रविवार आला. युरोपनं घड्याळं तासभर पुढं ढकलली. मेक्सिकोनं ही भानगड २०२२ मध्येच कायद्यानं बंद केलेली. आपण ती करत नाही. डच तीन वाजता येऊन बसले तेव्हा आमच्याकडे साडेसहा आणि मेक्सिकोत सात. त्या दिवशी नेदरलँड्सची वीस मुलं एकमेकांशीच आंतरसांस्कृतिक संवाद करून गेली.

आणि साडेसात म्हणजे मेसची वेळ. आमची मुलं ताटासकट हजर होत. कुणी पीएमपीच्या बसमधून, कुणी गावी गेलेलं असलं तर रेंजसाठी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला टेकून. कॅमेरा बंद, कारण डेटा संपतो. पहिल्या तासाला डच बाईंनी सुचवलं, प्रत्येकानं स्वतःबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगावी. आमच्याकडे शांतता पसरली. बारा वर्षं शाळेत आणि दोन वर्षं कॉलेजात ‘मजा करू नका’ हे ऐकलेल्या मुलांना आता सर्वांसमक्ष मजेशीर व्हायचं होतं, तेही इंग्रजीत. शेवटी एक मुलगी धीर करून म्हणाली, "माय नेम इज… अँड आय ॲम फ्रॉम बार्शी." डच वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीच मजेशीर गोष्ट. बार्शीकर यावर वाद घालणार नाहीत.

विषय होता पाणी. तो निवडला मी, आणि एवढं एक श्रेय मी कुणाला देणार नाही. नेदरलँड्सचा पावभर तरी भाग समुद्रसपाटीच्या खाली; तिथं पाण्याची मंडळं मध्ययुगापासून आहेत आणि लोक आजही त्यांच्यासाठी वेगळं मतदान करतात. मेक्सिको सिटी आटवलेल्या तळ्यावर वसलेली. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून शहर खचत चाललंय, आणि बाहेरचं पाणी पंपांनी हजार मीटरहून जास्त उंच चढवून आणावं लागतं. आणि आमच्या वर्गात मराठवाडा. प्रश्नपत्रिका छान छापलेली होती: ‘तीन देशांतील जलव्यवस्थापनाच्या चौकटींची तुलना करा.’ पाच-पाच मुलांच्या खोल्या पाडल्या आणि मी एका खोलीत गुपचूप जाऊन बसले.

लातूरचा एक मुलगा सांगत होता, की मी पाचवीत असताना आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आणलं. २०१६ चा एप्रिल. मिरजेहून गाडी सुटली, दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. डच मुलानं नम्रपणे थांबवलं. "म्हणजे एरवी तुमच्या रेल्वेत प्रवाशांना पाणी मिळत नाही?"

"नो नो. नो प्रवासी. ओन्ली वॉटर. वॉटर वॉज प्रवासी."

डच मुलानं कनेक्शन तपासलं. हेडफोन काढून परत लावला. मग म्हणाला, की आमच्या देशाचा तर सगळा इतिहास पाणी बाहेर काढण्यात गेलाय.

"सो? थ्रो हिअर, नो?" लातूर म्हणालं.

यावर मेक्सिकोची मुलगी जी हसायला लागली, तिचा कॅमेराच हलला. तिला सगळं कळलं होतं. त्यांच्याही वस्तीत टँकर येतो. येणार म्हणतात गुरुवारी, येतो मनात येईल तेव्हा. तिची आजी टँकरवाल्याला थंड सरबत दिल्याशिवाय जाऊ देत नाही. लातूरच्या मुलानं सांगितलं, की आमच्या आईनं टँकरवाल्याचा नंबर मोबाइलमध्ये ‘देव’ नावानं सेव्ह केला होता; रात्री बाराला फोन वाजून स्क्रीनवर ‘देव’ आला की अख्खं घर घागरी घेऊन धावायचं. पुढची वीस मिनिटं दोघं टँकरवरच बोलत राहिले. नळी आधी कुणाच्या ड्रममध्ये जाते, भांडण कसं सुरू होतं, ड्रायव्हर कुणाचा नातेवाईक असतो. दोघांचंही इंग्रजी बेताचं, पण त्या दिवशी एकाही वाक्याला ठेच लागली नाही. डच मुलगा मध्ये लिहून घेत होता. अखेर न राहवून त्यानं विचारलं, "पण तुम्ही पाणीमंडळाच्या निवडणुकीत त्यांना पाडत का नाही?" दोन खंडांतून एकदम हसू आलं. बिचारा गोरामोरा झाला. मग लातूरनंच त्याला समजावलं, "ब्रो, टँकरवालाच निवडणुकीत उभा असतो."

जलव्यवस्थापनाच्या चौकटींना कुणी हात लावला नाही. वेळ संपल्यावर यंत्रानं सगळ्यांना खोलीतून उचलून परत मोठ्या वर्गात आणून टाकलं आणि प्रत्येकाचा चेहरा पुन्हा शहाणा झाला.

उपक्रम संपला की मोजमाप. आमच्या धंद्यात आंतरसांस्कृतिक जाण एक ते पाच गुणांत मोजतात. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. ‘मला इतर संस्कृतींतील व्यक्तींशी संवाद साधता येतो.’ पहिल्या दिवशी आमच्या एकूण एक मुलांनी पाच लिहिले होते, कारण तोपर्यंत ती इतर संस्कृतीतल्या कुणाशीच बोललेली नव्हती. शेवटी तोच प्रश्न आला तेव्हा तीन, साडेतीन, एका मुलीनं तर दोन. तिच्या गटात डच मुलगे होते आणि ते तोंडावर ‘मला हे पटत नाही’ म्हणायचे. ती आठवडाभर जेवली नव्हती, मग आठव्या आठवड्यात तीही म्हणायला शिकली. आता हा आलेख प्राचार्यांपुढं ठेवायचा होता. रेघ स्पष्ट खाली जात होती. "म्हणजे आपल्या उपक्रमामुळे मुलांची जाण कमी झाली?" मी समजावलं, सर, आपल्याला काय येत नाही हे मुलांना आत्ता कुठं कळलंय. त्यांनी बराच वेळ आलेखाकडे पाहिलं. "ते ठीक आहे. पण मॅडम, हे नॅकला बारीक अक्षरांत द्या."

या सगळ्यात करार कुठं होता? मखमली फाइलीत. कागद म्हणतो, करार दोन विद्यापीठांत झालाय. प्रत्यक्षात तो असतो दोन माणसांत. एक इकडचं, एक तिकडचं, आणि बऱ्याचदा दोन्ही बाया. डच विद्यापीठातली बाई रात्री मुलं झोपल्यावर मला मेल करायची, मी सकाळी कुकर लावून उत्तर द्यायचे. कुणाच्या कुलगुरूंना काय म्हटलं की फाइल पुढं सरकते, हे आम्हाला एकमेकींकडून ठाऊक झालेलं. २०२४ मध्ये तिकडच्या नव्या सरकारनं उच्च शिक्षणाच्या खर्चाला कात्री लावायचं ठरवलं, विभाग एकमेकांत मिसळले, आणि एके दिवशी मी पाठवलेल्या मेलला यंत्राचं उत्तर आलं: ‘मी आता इथं काम करत नाही. तातडीच्या कामासाठी खालील पत्त्यावर लिहा.’ खालच्या पत्त्यावर लिहिलं. तिथूनही यंत्रच बोललं. हजारो विद्यार्थी, शेकडो प्राध्यापक, ग्रंथालयं आणि सायकलींचे प्रचंड तळ असलेलं एक अख्खं विद्यापीठ त्या दिवसापासून माझ्या दृष्टीनं बंद पडलं. वार्षिक अहवालात मी ‘कार्यरत’ लिहिलं. मुलांचा व्हॉट्सॲपचा ग्रुप चालू होता. खोटं कुठं होतं?

यथावकाश तिथं एक तरुण गृहस्थ नेमले गेले. त्यांचा पहिला मेल फार सभ्य होता. जुन्या फोल्डरमध्ये आपलं नाव सापडलं. आपल्यात नेमकी कशाची भागीदारी आहे, हे कळवाल का? मी सविस्तर कळवलं. त्यांनी लक्षात आणून दिलं, की करार कधीच संपलाय. नूतनीकरण करू, पण प्रवासाला पैसे नाहीत, सह्या ऑनलाइन होतील.

प्राचार्यांना सगळं मान्य होतं, फक्त शालीशिवाय समारंभ होत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. आम्ही पडद्यावर बोलू, तिकडचं कुणीतरी त्या गृहस्थांच्या खांद्यावर शाल घालेल, त्याच वेळी इकडून टाळ्या. शाल लक्ष्मी रोडवर घेतली, कुरिअरनं रवाना केली, आणि ती तिकडच्या कस्टमवाल्यांनी धरून ठेवली. वस्तू कशासाठी आहे, विक्रीसाठी की वैयक्तिक वापरासाठी, आणि खरेदीची पावती? ‘सन्मानासाठी’ असा पर्याय त्यांच्या अर्जात नाही. मी दुकानाची पावती स्कॅन करून पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं: पावती मराठीत आहे, किंमत कळली, परंतु तळाशी ठळक अक्षरांत जी एक ओळ आहे ती विक्रीची अट दिसते, तरी तिचं अधिकृत भाषांतर पाठवावं, त्याशिवाय वस्तू सोडता येणार नाही.

मी मेल वकीलसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला, मेल पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि माझ्यापुढं हात केला.

"आणा इकडं. भाषांतर मी करतो."